हसणारा बाक

मला विनोद कळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. अगदीच कळत नाही असं नाही, उशिरा कळतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मेव्हण्याने सांगितलेला किस्सा मला परतीच्या एसटीत, दारव्हा ओलांडल्यावर कळला आणि मी एकटाच हसायला लागलो. तेव्हा सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, शेजारच्या बाईंना "तसे बरे आहेत ते" असा खुलासा केला होता. असा हा माणूस गेली काही वर्षं यवतमाळात मोठ्या माणसांना विनोदी मालिका दाखवून इंग्रजी शिकवतो. दिवाळी अंकासाठी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा सुनीता म्हणाली, "लिहा. पण विनोदी लिहायला जाऊ नका." तो सल्ला मी पाळतो आहे.

मी मूळचा वाणिज्य शाखेचा. दिवसा कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवतो. डावी बाजू उजव्या बाजूशी जुळली की मला झोप लागते, न जुळली की लागत नाही. संध्याकाळी लोहारा रोडवर पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवतो. सुरुवातीला इंग्रजीही मी पुस्तपालनासारखंच शिकवलं. फळ्यावर रेघा आखायच्या, डावीकडे काळाचं नाव, उजवीकडे क्रियापद. विद्यार्थ्यांची बेरीज बरोबर यायची. पण त्यातला सगळ्यात हुशार एकजण, ज्याला बाराही काळ तोंडपाठ होते, नागपूरच्या विमानतळावर पाहुण्यांना आणायला गेला आणि एका परदेशी बाईंची सामानाची ट्रॉली त्याच्या पायावर आली. "जरा मागे घेता का" एवढं त्याला इंग्रजीत म्हणता येईना. काळ कोणता वापरावा हे ठरेपर्यंत त्याने ट्रॉली पायावरून जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी लंगडत वर्गात आला आणि मला विचारलं, "सर, ते आज्ञार्थी झालं असतं, नाही का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मालिकेचा शोध माझा नव्हे, मुलीचा. ती घरी लॅपटॉपवर एक जुनी अमेरिकन मालिका बघत बसायची. नाव सांगत नाही. एका म्हाताऱ्या विधवेची लाँड्री, तिचा कामचुकार भाऊ, आणि कपडे घेऊन येणारी चार-सहा नेहमीची गिऱ्हाइकं. मी मागे उभा राहून ऐकलं आणि चमत्कार झाला, मला कळत होतं. तीच माणसं, तीच खोली, तीच भांडणं. कोणी शेतीच्या भवितव्यावर बोलत नाही, कोणी भाषण करत नाही. "माझा शर्ट कुठे आहे", "तू काल म्हणाला होतास", "मी असं म्हटलंच नव्हतं" असं सगळं, म्हणजे आपल्या घरात चालतं तेच. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे विनोद झाला की मागून हशा येतो. माझ्यासारख्या माणसासाठी हे केवढं आहे ते विनोद कळणाऱ्यांना कळणार नाही. जन्मात पहिल्यांदा मी सगळ्यांबरोबर हसलो.

आता वर्गात हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. आधी पाच मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून दाखवायचा आणि काय चाललं असेल ते विचारायचं. मग आवाजासकट. मग तुकड्या-तुकड्याने. थांबवायचं कुठे, हा खरा प्रश्न असतो. वाक्याच्या मधे थांबवलं तर अर्थ तुटतो. मी हशा आला की थांबवायचो. तिथे नट स्वतःच थांबलेले असतात, त्यांनाही हशा ओसरेपर्यंत बोलता येत नाही. तयार खाच मिळते. त्या खाचेत वर्गाने शेवटचं वाक्य म्हणायचं. सगळ्यात शेवटी प्रत्येकाला एक पात्र द्यायचं आणि तोच प्रसंग वर्गात उभा करायचा.

अडचण अशी की पात्रं सहा आणि माणसं वीस-बावीस. रिकामा बसलेला मोठा माणूस शाळकरी पोरापेक्षा वाईट. तो मोबाइल काढतो. म्हणून मी कामाची वाटणी केली. खिडकीजवळच्या बाकाला हसण्याचं काम दिलं. टीव्हीवर बसणारं गिरणीचं पीठ पुसायला माझ्या हातात कायम डस्टर असतो. डस्टर वर केला की बाकाने हसायचं, खाली केला की थांबायचं. लहान विनोदाला एक श्वास, मोठ्याला दोन. हसण्याचंही कोष्टक करणारा माणूस तुम्ही आधी पाहिला नसेल. उशिरा येणाऱ्याला मी शिक्षा म्हणून हसणाऱ्या बाकावर बसवू लागलो, तर पंधरवड्यात निम्मा वर्ग उशिरा यायला लागला.

संकटं आली. एका भागात लाँड्रीच्या दारात दोघांनी अचानक एकमेकांना मिठी मारली आणि पुढे काय होणार हे मला माहीत होतं, कारण मी तो भाग घरी तीनदा बघून ठेवला होता. पण रिमोट सापडेना. वर्गात पहिल्या बाकावर एक सासू-सून शेजारी बसल्या होत्या. मी टीव्हीसमोर आडवा उभा राहिलो, हात पसरून, डस्टरसकट. डस्टर वर गेल्यामुळे हसणारा बाक हसू लागला. त्या गोंधळात सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, बाजूले व्हा. मागचं दिसून नाई राह्यलं."

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. माणूस ज्या पात्राची वाक्यं म्हणतो, त्याचा स्वभाव त्याच्या इंग्रजीला चिकटतो. पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या रेखाताई मराठीत इतक्या मऊ बोलतात की दोनदा विचारावं लागतं. त्यांना मी लाँड्रीवाल्या म्हातारीचं काम दिलं. ती म्हातारी म्हणजे तोंडाची आग. वर्गाने तिचं नाव हिराबाई ठेवलं होतं. टिपेश्वरचे वाघ बघायला आलेले एक परदेशी गृहस्थ पोस्टात तिकिटं घ्यायला आले आणि सुटे पैसे शोधत खिसे चाचपू लागले. रेखाताईंनी इंग्रजीत त्यांना सुनावलं, की खिसे घरून तपासून निघावं, मागे माणसं म्हातारी होत आहेत. ते गृहस्थ आधी दचकले, मग इतके खूश झाले की तिकिटांबरोबर दहा पोस्टकार्डं घेऊन गेले. रेखाताईंनी मला हे सांगितलं ते पुन्हा त्याच मऊ आवाजात. "सर, मले माहीतच नव्हतं मी अशी हाये म्हणून."

तर असा हा वर्ग, आणि त्यात एके दिवशी गुणवंतभाऊ आले.

गुणवंतभाऊ दिग्रसचे. चाळीस एकर शेती आणि लहानशी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. वय साठीच्या आत-बाहेर. एसटीने आले होते. खांद्यावर रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, कुसं चिकटलेली होती. पुढे ती मी नेहमीच पाहिली, झटकायची त्यांना सवयच नव्हती. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, मले इंग्रजी शिकाचं हाये. गंज नाई, थोडंसंच. पाच मिन्टाचं."

मी म्हटलं, "गुणवंतभाऊ, पाच मिनिटांचा कोर्स नाही आमच्याकडे. सहा महिन्यांचा आहे."

"मंग सहा महिने शिकवा. पण बोलाचं पाचच मिन्टं हाये. व्याह्याशी."

त्यांची एकुलती मुलगी पल्लवी न्यूझीलंडला नोकरीला होती आणि तिथल्याच मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. लग्न दिग्रसला, थंडीत. मुलाचे आईवडील येणार होते. मी साहजिकच म्हणालो, की पल्लवी आहे की दोन्हीकडचं बोलायला.

"तेच तर जमत नाई ना जी. तिच्याबद्दलच सांगाचं हाये. माही काळजी अशी घ्या, असं पोरीनं सोताच्या तोंडानं सांगावं काय?"

"काय सांगायचं आहे?"

ते खिडकीकडे बघून बोलले. "पोट्टी 'मी बरी हाये' म्हणते ना, तवा ती बरी नसते. लहानपणापासून असंच. ताप भरला, तरी बरी. मैत्रिणीशी भांडली, तरी बरी. माही बायको एकदा विचारे, मंग जराशी थांबे, मंग पुन्हा विचारे. दुसऱ्यांदा विचारलं का पोट्टी रडे, अन् मोकळी होये. मले हे माहीतच नव्हतं. बायको गेल्यावर समजलं. तवरोक मी एकदाच विचारून वापस." मग म्हणाले, "तिकडं कोण विचारन दुसऱ्यांदा? तेवढं त्याईले सांगाचं हाये. मंग मी मोकळा."

मी मदतीच्या भावनेने म्हटलं, की मी छान इंग्रजीत पत्र लिहून देतो, ते द्या.

"सर, पोरीचा बाप हाओ मी. कुरिअरवाला नाई."

त्यांचा प्रवेश झाला.

गुणवंतभाऊंना मी हिराबाईच्या कामचुकार भावाचं काम दिलं. वर्गाने त्याला हरिभाऊ म्हणायचं ठरवलेलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी हरिभाऊचं एकच वाक्य म्हटलं, की मी कामाला घाबरत नाही, त्याच्या शेजारी झोपूसुद्धा शकतो. मी डस्टर वर केला. बाक हसला. गुणवंतभाऊ दचकून बाकाकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. एखाद्याने बंद खोलीतला पंखा लावावा तसं काहीतरी. तेव्हापासून प्रत्येक वाक्य झालं की ते थांबायचे, मान किंचित पुढे करून बाकाकडे बघायचे, हशा अंगावर घ्यायचे आणि मग पुढचं वाक्य. एकदा जिन्यात मला म्हणाले, "सर, तीन वर्षं झाले, आमच्या घरी कोनी हासून नाई राह्यलं. इथं मी बोललो का हासतेत. खोटं हासतेत, मले समजते. तरी बरं वाटते."

मला बरं वाटलं. मी स्वतःला चांगला शिक्षक समजू लागलो. इथूनच पुढचं सगळं बिघडलं.

लग्न जवळ आलं तेव्हा आम्ही त्यांची पाच मिनिटं बसवायला घेतली. हे वर्गात शक्य नव्हतं, म्हणून ते माझ्या घरी येत. वाक्यं त्यांनी मराठीत सांगितली, मी लहान-लहान करून इंग्रजीत दिली. आधी स्वागत, मग शेती, मग जिनिंग, आणि मग खरी वाक्यं. माझी मुलगी म्हणते, मी ठीक आहे. तेव्हा ती ठीक नसते. तिची आई दोनदा विचारायची. तिची आई आता नाही. तुम्ही दोनदा विचारा. मी क्रियापदं तपासली, उच्चार तपासले, अमेरिकन मालिकेतला कोणता शब्द न्यूझीलंडात कसा म्हणतात तेही मुलीकडून तपासून घेतलं. बाजू जुळत होत्या.

सुनीता स्वयंपाकघरातून ऐकत होती. ते गेल्यावर तिने विचारलं, "अहो, हे गृहस्थ प्रत्येक वाक्यानंतर कशाची वाट बघतात?"

"त्याला विराम म्हणतात," मी म्हणालो. "चांगल्या वक्त्याचं लक्षण आहे."

"असेल. पण मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी पोळी लाटायची थांबले."

मी तिला समजावलं, की संभाषणशास्त्रात थांबण्याला फार महत्त्व आहे. ती "बरं" म्हणाली आणि पोळ्या करू लागली. तिचं "बरं" म्हणजे मला जे कळायला हवं होतं ते कळलेलं नाही याची पावती असते, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या वेळेवर लक्षात येत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दिग्रसला गेलो. काम एवढंच, की गुणवंतभाऊ अडले तर शब्द पुरवायचा, एरवी गप्प बसायचं. रेखाताईंचं माहेर दिग्रसचं, त्याही आल्या होत्या. दुपारचा चहा घरामागच्या जिनिंगच्या शेडमध्ये ठेवला होता. मशीन बंद, एका बाजूला पांढऱ्या कापसाची डोक्याइतकी उंच गंजी, समोर खुर्च्या. पल्लवी घरात मेंदीला बसली होती आणि नवरदेव शेरवानी घट्ट होते म्हणून यवतमाळला गेला होता. वेळ गुणवंतभाऊंनी मुद्दाम धरली होती. बाजेवर त्यांचे थोरले भाऊ आणि घरची आठ-दहा माणसं.

व्याही पीटर म्हणजे उंच, तांबूस, मोठ्या हातांचा माणूस. त्यांच्याकडे मेंढ्या होत्या. आल्या-आल्या त्यांनी गंजीत हात घातला, थोडा कापूस घेतला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धागा किती लांब निघतो ते पाहिलं. गुणवंतभाऊ शेजारी उभे राहून तेच करत होते. लोकर असो की कापूस, बघायची रीत एकच. विहीणबाई मार्गारेट गुडघा धरून खुर्चीत बसल्या होत्या, पल्लवीने दिलेला सलवार-कुर्ता घालून. मला वाटलं, झालं, जमलं. माझं काही काम पडणार नाही.

गुणवंतभाऊ उभे राहिले. "वेलकम टु दिग्रस," ते म्हणाले. आणि थांबले.

पीटर "थँक यू" म्हणाले. गुणवंतभाऊ थांबलेलेच. मान किंचित पुढे, डोळ्यांत तीच वाट बघणारी चमक.

"धिस इज माय जिनिंग."

थांबले. पीटर यांनी मागे वळून बघितलं, बायकोकडे बघितलं. समोरचा माणूस प्रेमाने आपल्याकडे बघतो आहे, त्याला काहीतरी हवं आहे, एवढं त्यांना कळलं होतं. सज्जन माणूस. त्यांनी जरासं हसून दिलं.

गुणवंतभाऊंचा चेहरा उजळला. पुढचं वाक्य जोरात आलं, की माझी चाळीस एकर शेती आहे. थांबले. पीटर जरा मोठ्याने हसले. कापूस, सोयाबीन आणि तूर लावतो. थांबले. मार्गारेटबाईही हसल्या. आता रस्ता सापडला होता. दर वाक्याला गुणवंतभाऊ थांबत होते आणि दर वाक्याला पाहुणे हसत होते. बाजेवरचे थोरले भाऊ म्हणाले, "काय हासवून राह्यला ना बे गुणवंता गोऱ्याले." गोरे हसताहेत म्हणून घरची माणसंही हसू लागली. यंदा पाऊस उशिरा आला, यावर सगळी शेड हसली.

आणि मला पुढची वाक्यं पाठ होती.

हे सगळं माझं काम आहे हे मला त्याच क्षणी कळलं. सुनीताचं "बरं" सुद्धा कळलं. सहा महिने मी या माणसाला इंग्रजी शिकवलं नव्हतं, हशाची खाच शिकवली होती. आता तो आपल्या मुलीचं दुःख सांगणार आणि समोरची माणसं हसणार. हे थांबवायला हवं. मी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि गुणवंतभाऊंना दिसावा म्हणून वर धरला.

रेखाताई माझ्या समोरच बसल्या होत्या. माझा हात वर गेलेला त्यांनी पाहिला आणि सवयीने हसल्या. मराठीतल्या मऊ रेखाताई नव्हेत, हिराबाई हसली. खणखणीत. दोन श्वास. मी घाबरून रुमाल खाली करायचंही विसरलो, म्हणून तिसरा श्वासही. त्यांच्या हसण्याने बाज हसली, बाजेबरोबर पाहुणे. गुणवंतभाऊंनी कृतज्ञतेने माझ्याकडे पाहिलं. सर मदत करत आहेत, असं त्यांना वाटलं.

मी रुमाल मुठीत चुरगाळला.

"माय डॉटर सेज, आय ॲम फाइन," ते म्हणाले. थांबले.

पीटर हसले.

"दॅट टाइम शी इज नॉट फाइन."

थांबले. तीच मान, तेवढाच वेळ. पीटर यांचं हसू निघालं आणि अर्ध्यावर अडकलं. त्यांनी पुन्हा गुणवंतभाऊंकडे पाहिलं, या वेळी नीट. मार्गारेटबाईंनी कप खाली ठेवला. बाजेवर कोणाला काही कळलं नव्हतं, पण गोरे हसले नाहीत म्हणून बाजही हसली नाही.

"हर मदर आस्क्ड टू टाइम्स."

थांबले.

"हर मदर इज नो मोअर."

आणि थांबले. हशा ओसरायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मोठ्या विनोदाचा वेळ, दोन श्वास, मीच शिकवलेला. त्यात कोणीच काही घातलं नाही. गंजीवरून एक कावळा उडाला तेवढाच. मला आयुष्यात विनोदाची जागा कधी आपण होऊन कळली नाही, पण ही कसली जागा होती ते मला कोणी हसून वा रडून सांगायची गरज पडली नाही. गुणवंतभाऊ घाईने पुढे गेले असते तर ते वाक्य इतर वाक्यांत मिसळून गेलं असतं. ते थांबले, म्हणून ते सगळ्यांसमोर उभं राहिलं.

"प्लीज, यू आस्क टू टाइम्स."

मार्गारेटबाई उठल्या. दुखऱ्या गुडघ्याने त्यांना जरा वेळ लागला. त्यांनी गुणवंतभाऊंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाल्या, की विचारीन. नेहमी विचारीन. मग त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "अँड यू? आर यू फाइन?"

हे वाक्य आमच्या तयारीत नव्हतं. गुणवंतभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, लगेच म्हणाले, "आय ॲम फाइन."

मार्गारेटबाईंनी हात सोडला नाही. त्या थांबल्या. घाई न करता, शिकवल्यासारख्या थांबल्या. मग पुन्हा विचारलं, "आर यू फाइन?"

सहा महिन्यांतलं सगळं इंग्रजी गुणवंतभाऊंच्या तोंडावर येऊन गेलेलं मी पाहिलं. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. लाँड्रीत तसं कोणी कोणाला विचारत नाही.

"नाई जी," ते म्हणाले. "पोट्टी चालली ना माही."

आणि त्यांना रडू कोसळलं. मी शब्द पुरवायला तोंड उघडलं, कारण मला त्यासाठीच आणलं होतं. पण मार्गारेटबाई माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, जशी कळल्यावर हलवतात. पीटर खुर्चीतून उठले, जरा अवघडून उभे राहिले आणि त्यांनी गुणवंतभाऊंच्या खांद्यावरची रुईची कुसं एकेक करून काढली. व्याहीभेट खरं तर दुसऱ्या दिवशी मांडवात होती. थोरले भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "उद्याचं आजच केलं का बे तुमी?"

घरातून पल्लवी बाहेर आली, मेंदीचे हात अंगापासून दूर धरून. सगळे असे का उभे आहेत ते तिला कळेना. "काय झालं बाबा? काहून रडून राह्यले?"

"काई नाई," गुणवंतभाऊ म्हणाले. "बरा हाओ मी."

पल्लवीने बापाकडे पाहिलं, मग सासूकडे, मग पुन्हा बापाकडे. मी तिथून उठलो. त्या पुढच्या प्रश्नाला बाहेरच्या माणसाने हजर असायचं कारण नव्हतं. गंजीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो, तर तिथे रेखाताई आधीच उभ्या होत्या, पदराने डोळे टिपत. अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "सर, मघा मी हासली ते चुकलं काय?"

मी म्हणालो, "तुम्ही नाही चुकलात. रुमाल चुकला."

घरी आल्यावर सुनीताला सगळं सांगितलं. संभाषणशास्त्राचा विषय तिने काढला नाही, हा तिचा मोठेपणा.

हसणारा बाक मी बंद केलेला नाही. उशिरा येणाऱ्यांची सोय कुठे करायची हा प्रश्न आहेच. गुणवंतभाऊ अजूनही अधूनमधून येतात, आता काही सांगायचं राहिलेलं नसताना, आणि हरिभाऊ होऊन हशा घेऊन जातात. बदल एवढाच केला आहे, की काही वाक्यांना मी डस्टर उचलत नाही. टीव्हीवर तिथे हशा असतो, आमच्याकडे नसतो. वाक्य म्हणणारा थांबतो, बाक माझ्या हाताकडे बघत राहतो, खाली गिरणी चालू असते.

"सर, इथं हासाचं नाई काय?" रेखाताई विचारतात.

"थांबा," मी म्हणतो.